घटनादुरुस्ती आणि साठ खुर्च्या

आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला मांडववाल्याने ऐनवेळी दगा दिला, तेव्हा पाऊण तासात साठ खुर्च्या कोठून तरी पैदा करणारा माणूस, एवढीच माझी डोंबिवलीतील सार्वजनिक ओळख आहे. या ओळखीच्या बळावर मी बारशी, निरोप समारंभ आणि दोन शोकसभा पार पाडल्या होत्या. परंतु भारताच्या राज्यघटनेतील दुरुस्तीचा प्रश्नही एके दिवशी खुर्च्यांच्याच वाटेने माझ्या दारात येऊन उभा राहील, असे मला कधी वाटले नव्हते.

जानेवारी २०२४ चा पहिला आठवडा होता. सकाळच्या फेरीनंतर आम्ही कट्ट्यावर बसलो असताना निवृत्त मुख्याध्यापक असलेले आमचे सर हातात एक जाहीर सूचना घेऊन आले. लोकसभा, विधानसभा आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्या निवडणुका एकत्र घेता येतील का, हे तपासण्यासाठी माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या अध्यक्षतेखाली २ सप्टेंबर २०२३ रोजी उच्चस्तरीय समिती नेमण्यात आली होती, आणि तसे करायचे झाल्यास कायद्याच्या व प्रशासनाच्या चौकटीत कोणते बदल करावेत, याविषयी समितीने आता जनतेकडून सूचना मागवल्या होत्या. मुदत १५ जानेवारीपर्यंत. सरांनी सूचना दोनदा वाचून दाखवली, चष्मा काढला आणि ते म्हणाले, ‘‘नागरिकांची सभा व्हायलाच हवी.’’ यावर सर्वांनी माना डोलावल्या आणि सर्वांच्या नजरा एकदम माझ्याकडे वळल्या. त्या नजरांमध्ये घटना कोठेच नव्हती. साठ खुर्च्या स्पष्ट दिसत होत्या.

सर इतिहासाचे असल्यामुळे त्यांनी मला धीर देण्यासाठी १९४८ सालचा दाखला दिला. घटनेचा मसुदा त्या वर्षी फेब्रुवारीत तयार झाला आणि ४ नोव्हेंबरला डॉ. आंबेडकरांनी तो घटना समितीपुढे मांडला, तोपर्यंत तो आठ महिने लोकांच्या विचारासाठी खुला होता. या माहितीने मला धीर येण्याऐवजी घामच फुटला, कारण आमच्या वाट्याला आठ महिने नव्हे तर जेमतेम दहा दिवस आले होते आणि त्यांतला शेवटचा दिवस नेमका संक्रांतीचा होता. आदल्या दिवशी भोगी असली तरी तो रविवार होता, आणि डोंबिवलीचा माणूस रविवारखेरीज डोंबिवलीत सापडत नाही, म्हणून सभा १४ तारखेला दुपारी चारला ठरली. ‘‘भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी खाल्लेला माणूस चार वाजता घटनेसाठी उठेल का?’’ हा माझ्या पत्नीचा प्रश्न तिने समितीला पाठवला असता तर बरे झाले असते.

सभागृह एका वाचनालयाचे मिळाले, पण सहापर्यंतच, कारण सहापासून ते महिला भजनी मंडळाकडे होते. खुर्च्यांचे मी पाहिले. चहाला साखरेचा आणि बिनसाखरेचा असे दोन थर्मास ठरले. राहिला फ्लेक्स. त्याचा मजकूर मी कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहून नेला होता, पण फ्लेक्सवाल्या मुलाने तो न वाचताच विचारले, ‘‘काका, फोटो कोणाकोणाचे?’’

‘‘कोणाचेच नाहीत,’’ मी सांगितले.

त्याने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की जणू मी नवरीशिवाय लग्नाची पत्रिका छापायला आलो होतो. ‘‘वरती पाच गोल असतात आणि उजवीकडे एक मोठा फोटो असतो,’’ तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, ‘‘नाही टाकले तर मोकळं दिसतं.’’ समिती, सरकार, विरोधक यांपैकी कोणाचीही बाजू आपल्याला घ्यायची नसून सभा संपूर्णपणे तटस्थ आहे, हे मी त्याला दहा मिनिटे समजावून सांगितले आणि ते त्याला पटलेही. शनिवारी सकाळी वाचनालयाच्या दारावर फ्लेक्स लागला, तेव्हा पाच गोल खरोखरच गेले होते. मोठी जागा मात्र मोकळी दिसू नये म्हणून त्याने माझ्या व्हॉट्सअॅपवरचा फोटो उचलून तेथे बसवला होता. लेकीच्या लग्नात व्याह्यांचे स्वागत करताना काढलेला, फेटा बांधून दोन्ही हात जोडलेला असा तो फोटो होता. शेजारी लाल अक्षरांत ‘आपला माणूस’ असे लिहिलेले होते. हे दोन शब्द त्याने पदरचे घातले होते आणि त्यांचे पैसे लावले नव्हते.

त्या दिवशी वाणसामान आणायला गेलो असताना दुकानदाराने मला पहिल्यांदाच बसायला स्टूल दिले, आणि मी कोणत्या पक्षाकडून इच्छुक आहे, असे आवाज खाली आणून विचारले.

सभेसाठी मी चार पानांचे एक टिपण तयार केले होते. १९५१-५२ पासून १९६७ पर्यंत लोकसभेच्या आणि विधानसभांच्या निवडणुका बहुतांशी एकत्रच होत असत. पुढे काही विधानसभा मुदतीआधी विसर्जित झाल्या, डिसेंबर १९७० मध्ये लोकसभाही वर्षभर आधी विसर्जित झाली आणि वेळापत्रक जे विस्कटले ते विस्कटलेच. मुदती जुळवायच्या तर लोकसभेच्या मुदतीविषयीच्या ८३ व्या आणि विधानसभेच्या मुदतीविषयीच्या १७२ व्या कलमाला हात लावावा लागेल, असा सारा मामला मी सोप्या भाषेत मांडला होता. त्याच्या साठ झेरॉक्स काढल्या. दुसऱ्या दिवशी समोरच्या बिऱ्हाडातून संक्रांतीचा तिळगूळ आला तो कलम १७२ च्या पुडीत बांधलेला होता, यावरून टिपण घरोघरी पोहोचले असे म्हणायला हरकत नाही.

प्रत्यक्ष सभेला चार वाजता मी, सर आणि माईकवाला असे तिघेच होतो. प्रमुख वक्ते म्हणून मुंबईहून येणारे वकील रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये सापडले होते आणि दर वीस मिनिटांनी फोन करून आपण एक स्थानक पुढे सरकल्याची खबर देत होते. साडेचारच्या सुमारास मात्र माणसे येऊ लागली आणि पावणेपाचला खुर्च्या भरल्या. माझा ऊर अभिमानाने भरून आला. लोकशाहीवरची ही श्रद्धा पाहून मी प्रास्ताविक थोडे लांबवले आणि सूचना मांडण्याचे आवाहन केले. पहिल्याच रांगेतील गृहस्थ उठले, त्यांनी वही उघडली आणि आपल्या इमारतीमागचे गटार किती दिवसांपासून तुंबले आहे याचा तारीखवार तपशील वाचायला सुरुवात केली. दुसऱ्यांचा प्रश्न पाण्याच्या दाबाचा होता, तिसऱ्यांचा पथदिव्यांचा. आपण निवडून आल्यावर यात काय करणार, असे तिघांनीही शेवटी मलाच विचारले. फ्लेक्सने आपले काम चोख बजावले होते.

मी सौम्यपणे, पण निश्चयाने सांगितले की आजचा विषय राज्यघटनेचा आहे आणि गटार हे विषयांतर होय. तेव्हा मागच्या रांगेतून कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी एक मुलगी उभी राहिली. ‘‘काका, ते विषयांतर नाहीये,’’ ती म्हणाली. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने घटनेला जी बारावी अनुसूची जोडली गेली, तिच्यात नगरपालिकांकडे सोपवता येण्याजोगे १८ विषय आहेत. पाणीपुरवठा, रस्ते, सांडपाणी आणि घनकचरा, पथदिवे, स्मशाने, इतकेच काय, गुरांचे कोंडवाडेसुद्धा त्यांत आहेत, असे तिने सांगितले. वहीवाल्या गृहस्थांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. आपले गटार घटनात्मक आहे हे कळल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर किती तेज येते, ते मी त्या दिवशी पाहिले.

ती मुलगी तेवढ्यावर थांबली नाही. कलम २४३-यू प्रमाणे महानगरपालिकेची मुदत पाच वर्षांची असते आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पुरी व्हावी लागते, असे तिने वाचून दाखवले, तेव्हा सभागृह एकाएकी शांत झाले. आमच्या कल्याण-डोंबिवलीत शेवटचे मतदान २०१५ साली झाले होते आणि मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली होती. आधी करोना, मग ओबीसी आरक्षणाचा न्यायालयातला वाद, मग प्रभागरचना, असे होत होत तीन वर्षे उलटून गेली होती आणि कारभार प्रशासक पाहत होते. वाढदिवसाला कोणता केक आणावा यावर घरात घनघोर चर्चा चालावी आणि ज्याचा वाढदिवस त्याला तीन वर्षे कोणी जेवायलाच वाढलेले नाही असे मध्येच लक्षात यावे, तशी आमची अवस्था झाली.

एव्हाना साडेपाच वाजले होते आणि टाळ-पेटीसह भजनी मंडळ दाखल झाले होते. हजेरीचा कागद फिरत होता. मंडळातील सर्व भगिनींनी त्यावर आपण होऊन सह्या केल्या. त्यांच्यातील सर्वांत वडीलधाऱ्या काकूंनी माईक मागितला. त्या म्हणाल्या, ‘‘एकत्र घ्या नाहीतर सुट्या घ्या, तुमचं तुम्ही बघा. आमच्याकडची कधी घेताय तेवढं सांगा.’’ सभेत त्या दिवशी टाळ्या पडल्या त्या एवढ्या एका वाक्याला. टाळ्या थांबल्यावर काकूंनी माईक न सोडता पुढे माझ्याकडे वळून सांगितले, ‘‘आणि भाऊ, तुम्ही उभे राहताय ते छान झालं. आमच्या पेटीचा भाता फाटलाय, तेवढं लक्षात असू द्या.’’

वकीलसाहेब पोहोचले तेव्हा हरिपाठ सुरू झाला होता. ते भले गृहस्थ मागे मांडी घालून बसले आणि प्रसाद घेऊन परत गेले.

रात्री सरांच्या घरी आम्ही निवेदन लिहायला बसलो. सभेचे मत काय, हे ठरवण्यातच अकरा वाजले, कारण सरांना एकत्र निवडणुका हव्या होत्या, त्या मुलीला नको होत्या आणि वहीवाल्यांना गटार हवे होते, म्हणजे नको होते. अखेर सरांनी आपली सारी भाषिक हयात पणाला लावून वाक्य सांगितले आणि मी ते टंकित केले: ‘निवडणुका एकत्र घ्याव्यात की स्वतंत्र, याविषयी सभेत दोन मते पडली, मात्र त्या घेतल्या जाव्यात, याविषयी एकमत झाले.’ संक्रांतीच्या सकाळी ते ईमेलने रवाना झाले.

समितीने १४ मार्चला राष्ट्रपतींना सादर केलेला अहवाल १८,६२६ पानांचा होता. जनतेकडून २१,५५८ उत्तरे आली आणि त्यांतली ८० टक्के एकत्र निवडणुकांच्या बाजूची होती, असे त्यात म्हटले होते. आमचे वाक्य त्या ८० टक्क्यांत धरले की उरलेल्या २० टक्क्यांत, यावर कट्ट्यावर आजही वाद होतो. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये घटनादुरुस्तीचे विधेयक लोकसभेत आले आणि संयुक्त समितीकडे गेले. मला पुन्हा कोणी काही विचारले नाही. खुर्च्या मात्र दोनदा मागितल्या.

आमच्याकडची निवडणूक अखेर झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजी, म्हणजे सूचना पाठवण्याच्या त्या मुदतीला बरोबर दोन वर्षे होत असताना. एकेका मतदाराला चार-चार मते द्यायची असल्याने रांग धिम्या गतीने सरकत होती. मी मतदान करून बाहेर आलो, तर बोटावरची शाई वाळवत त्या काकू दाराशीच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

‘‘चारही याद्या वरपासून खालपर्यंत वाचल्या हो, भाऊ,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमचं नाव कुठेच नाही. आता पेटीचं कोणाला सांगायचं?’’