'शोले' बघायला जाताय? मग 'शोले' तेवढा बघू नका

पन्नास वर्षांनी 'शोले' नव्यानं मोठ्या पडद्यावर आलाय म्हटल्यावर सोलापूरकरानं जायलाच पाहिजे, यात वाद नाही. वाद आहे तो कसं जायचं यावर. काही भोळी माणसं तिकीट काढतात, खुर्चीत बसतात आणि सरळ समोर बघत राहतात. असली माणसं आपल्या गावात फारशी नाहीत, तरी कुणाला ती सवय लागू नये म्हणून हे चार शब्द.

तयारी घरापासून करा. आधी नळाचं वेळापत्रक बघा, मग खेळाचं. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी आणि दिवसातून एकदाच असणारा खेळ एकाच वेळेला येतात, हा सोलापूरचा नियम आहे. त्यातून सुटलात तर घरातल्या आप्पांना विचारा, 'पहिल्यांदा कुठं बघितलात?' आप्पा म्हणतील भागवत टॉकीजला, मिलची पाळी सुटल्या सुटल्या. शेजारचे मामा म्हणतील, छे, मीनाला. तासभर जुंपेल. त्यात सरशी करायची असेल तर तुम्ही शांतपणे म्हणा, 'आमच्या वडिलांनी मुंबईला मिनर्व्हात बघितलाय.' तिथं तो पाच वर्षं चालला, त्यामुळं मुंबईला एकदा जरी जाऊन आलेला माणूस असेल तर त्याची थाप पकडता येत नाही.

आता एखादा अतिशहाणा भाचा तुम्हाला सांगू लागेल की ही प्रत साधी नाही. मूळ निगेटिव्हला 'व्हिनेगर सिंड्रोम' झाला होता. म्हणजे फिल्मचा अ‍ॅसिटेटचा पाया कुजतो, त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं, आंबूस वास येतो, फिल्म वाकडी होते आणि तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात. 70 एमएमची एकही प्रत उरली नव्हती. मग ब्रिटनमधल्या एका गोदामात जुने इंटरपॉझिटिव्ह, म्हणजे मूळ निगेटिव्हवरून काढलेल्या मधल्या प्रती, सापडले, फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्सनी ते इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत नेले आणि तीनेक वर्षं घासूनपुसून हा सिनेमा उभा केला. जून 2025 मध्ये तिथल्याच चौकात, उघड्यावर, तो पहिल्यांदा दाखवला. भाचा इथपर्यंत आला की त्याला मध्येच तोडा. 'एआयनं केलं असेल बे,' एवढं म्हटलं की पुरे. वर 'यूट्यूबवर फुकट आहे की' हेही जोडा. तीन वर्षांच्या कामाचा निकाल तीन सेकंदांत लागतो.

थेटरात बसल्यावर गप्प बसू नका. यामागं इतिहास आहे. 15 ऑगस्ट 1975 ला सिनेमा लागला तेव्हा पहिले काही दिवस लोक चिडीचूप बसून बघत होते. ना शिट्टी, ना टाळी. धंद्यातल्या जाणकारांनी त्यावरून निकाल लावला की सिनेमा पडला. पुढं कळलं, की लोक थक्क होऊन गप्प होते. हा गैरसमज परत होऊ नये ही जबाबदारी आता तुमची. सलीम-जावेदनी लिहिलेला प्रत्येक संवाद पडद्यावरच्या माणसाच्या अर्धा सेकंद आधी, मोठ्यानं म्हणा. आधीच म्हणायचा, बरोबर किंवा नंतर नाही, नाहीतर तुम्हाला पाठ आहे हे शेजाऱ्याला कळणार कसं? नुसत्या संवादांच्या रेकॉर्डी विकल्या गेलेला सिनेमा आहे हा. अमजद खानचा आवाज या भूमिकेला पेलणार नाही अशी शंका त्या काळी काहींनी काढली होती. तुमच्या खर्जातला गब्बर ऐकल्यावर मागच्या रांगेला ती शंका पुन्हा येईल, पण तुमच्याबद्दल. सचिन पिळगावकर दिसले की 'आपला सचिन!' असं ओरडायला विसरू नका. गावात मराठी माणूस कोण कोण होता हे बाकीच्यांनाही समजलं पाहिजे.

वीरू टाकीवर चढला की मोबाइल बाहेर काढायचे. धर्मेंद्र 24 नोव्हेंबर 2025 ला गेले आणि सिनेमा 12 डिसेंबरला आला, त्यामुळं स्टेटस तर लागणारच. मोबाइल उभा धरा. एवढ्या खटपटीनं परत आणलेल्या रुंद चित्रातली अर्धी टाकी, अर्धा वीरू आणि पुढच्या माणसाची टोपी एवढं त्यात बरोबर मावतं. गहिवर येत असेल तर तो अपलोड होईपर्यंत थोपवा. मागून कुणीतरी 'टाकी भरल्या का बे? पाणी कधी सोडतेत?' असं विचारेलच. सगळं थेटर हसेल. खरं सांगायचं तर सोलापुरात त्या प्रसंगावर याहून नेमकी टीका मी ऐकलेली नाही.

समोसा आणायला कधी उठायचं, हा प्रश्न बरेच जण विचारतात. माझ्याकडं त्याचं पक्कं उत्तर आहे. संध्याकाळ झालेली असते, जय खाली पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवत असतो आणि वरच्या सज्जात राधा एकेक दिवा मालवत जाते. पांढरी साडी, मागं निळसर काळोख आणि दर दिव्याबरोबर थोडी थोडी विझत जाणारी हवेली. कोणी कुणाशी बोलत नाही, कोणी कुणाकडं धड बघतही नाही. तो उजेड रोज काही मिनिटंच टिकायचा, म्हणून कॅमेरामन द्वारका दिवेचा आणि दिग्दर्शक रमेश सिप्पी कितीतरी संध्याकाळी तेवढ्यासाठी कॅमेरा लावून थांबले. आता तुम्हीच सांगा, या सगळ्यात पाठ म्हणण्यासारखं एक तरी वाक्य आहे का? नाही ना? मग उठा. रांगेतल्या सगळ्यांचे पाय तुडवत जा आणि येताना चटणी सांडत या. बोलपटात कुणी बोलत नसेल तर ती वेळ खाण्याचीच.

राहता राहिला शेवट. तो चुकूनसुद्धा बघू नका. 1975 साली आणीबाणी होती. माजी पोलीस अधिकारीच कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चाललं नाही, म्हणून ऐन वेळी पोलीस येऊन ठाकूरला थोपवतात असा दुसरा शेवट चित्रित करावा लागला. पन्नास वर्षं आपण तोच बघत आलो. या प्रतीत मूळचा शेवट परत जोडलाय. म्हणजे ज्याच्यासाठी तिकीट काढायचं ते सगळं शेवटच्या काही मिनिटांत आहे. पण तोवर साडेतीन तास होत आलेले असतात आणि खाली पार्किंगमध्ये तुमच्या गाडीला चार गाड्या चिकटून लावलेल्या असतात. सगळे एकदम सुटले तर गाडी निघायला अर्धा तास जाईल. तेव्हा ठाकूरनं खिळ्यांचे बूट घातले आणि गब्बरसमोर उभा राहिला, की हळूच उठायचं. पुढं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

बाहेर पडताना मागून बुटांचे आवाज येतील. वळून बघू नका, किल्ली शोधा. आणि घरी कुणी विचारलंच, 'शेवट बदललाय म्हणे?' तर बूट काढता काढता ठणकावून सांगा, 'काय नाही बे, पोलीस येतेत की.'