मोनोरेल आणि आमची विशेष सर्वसाधारण सभा

एकत्र कुटुंबात एकट्याने रडलेले खपते, एकट्याने हसलेले खपत नाही. रडणाऱ्याला पेलाभर पाणी देऊन थोडा वेळ त्याच्या वाटेला न जाण्याची रीत आहे. हसणाऱ्याकडे मात्र ताबडतोब खुलासा मागितला जातो आणि तो समाधानकारक नसेल तर ‘आम्हाला हसत होतीस का?’ हा पुढचा प्रश्न तयारच असतो. रात्री ओटा आवरून झाला की मी कानाला इअरफोन लावून ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकन व्यंगचित्र मालिकेचा एखादा भाग बघते आणि ओढणीने तोंड दाबून हसते, ही गोष्ट आमच्या घरात फार काळ लपून राहणे शक्यच नव्हते. सासऱ्यांनी एका रविवारी ती जेवताना चर्चेला घेतली. ते वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून आमच्या सोसायटीचे सचिव आहेत, त्यामुळे त्यांचे साधे बोलणेही ठरावासारखे असते. ‘चांगले असेल तर सर्वांना दाखवावे, वाईट असेल तर तूही बघू नये,’ असा निवाडा देऊन त्यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली आणि सासूबाईंनी लगेच अनुमोदन दिले.

मी निवडलेला भाग होता चौथ्या पर्वातला, ‘मार्ज व्हर्सेस द मोनोरेल’. या मालिकेच्या उत्तम भागांची यादी कुणीही केली तरी तो बहुधा तिच्यात असतो, शिवाय त्यात मारामारी बेताची आणि चुंबने त्याहून बेताची आहेत. लेखन कोनन ओब्रायन यांचे, जे पुढे १९९३ सालीच रात्री उशिराच्या गप्पांच्या कार्यक्रमाचे सूत्रधार झाले. अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर हा भाग पहिल्यांदा दाखवला गेला तो १४ जानेवारी १९९३ रोजी. ती मकरसंक्रांत होती, हे कळल्यावर आत्याबाईंचे मत किंचित अनुकूल झाले.

हा सगळा कार्यक्रम जेमतेम बावीस-तेवीस मिनिटांचा. एवढ्या वेळात आमच्याकडे जेवणानंतरची बडीशेपही सर्वांपर्यंत पोहोचत नाही, ही बाब मी हिशेबात धरायला हवी होती. यजमान सोफ्याच्या कोपऱ्यात बसल्याबसल्या झोपले, एवढाच त्या दुपारचा सुरळीत पार पडलेला भाग.

‘या सगळ्यांना कावीळ झाली आहे का गं?’ सासूबाईंनी पहिल्याच दृश्यात विचारले. नाही, ते पिवळेच आहेत, असे मी म्हणाले. यावर त्यांचे समाधान झाले नाही, पण आत्याबाईंना रंगापेक्षा नात्यांत रस असल्यामुळे तो विषय मागे पडला. होमर हा कर्ता पुरुष, मार्ज ही त्याची बायको, बार्ट, लिसा आणि तान्ही मॅगी ही मुले. ही नावे निर्माते मॅट ग्रोनिंग यांनी आपल्याच घरातून घेतली. वडील होमर, आई मार्गारेट, बहिणी लिसा आणि मॅगी. ‘म्हणजे घरच्यांची नावे चव्हाट्यावर मांडली,’ असा आत्याबाईंनी निष्कर्ष काढला आणि माझ्याकडे जरा रोखून बघितले. मग मुलगा कितवीत आहे, असे विचारले. चौथीत, मी सांगितले. मालिका १९८९ साली सुरू झाली तेव्हाही तो चौथीतच होता, आणि साडेसातशेहून अधिक भाग होऊन गेल्यावरही चौथीतच आहे, हे आमच्या चिरंजीवांनी गरज नसताना पुरवले. ‘अरे देवा! आणि आईवडील काही बोलत नाहीत?’ आत्याबाई कळवळल्या. चित्रातल्या माणसांचे वय वाढत नाही हे त्यांना पटवण्यात बराच वेळ गेला. तोपर्यंत पडद्यावर होमर तोंड उघडे ठेवून थांबलेला होता.

त्याची नोकरी ऐकून सासरे सावरून बसले. होमर अणुवीज प्रकल्पात सुरक्षा निरीक्षक आहे आणि कामावर झोपतो. वीज खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला हे अतिशयोक्त वाटेल अशी माझी समजूत होती, पण त्यांचा आक्षेप अगदीच वेगळा निघाला. ‘झोपणारे आमच्याकडेही होते, पण त्यांना सुरक्षेला कधी टाकत नसत, आवक-जावकला टाकत,’ असे ते म्हणाले. प्रशासकीय चूक नोंदवून झाल्यावर त्यांनी मला रिमोट पुढे चालवण्याची परवानगी दिली.

भागाची सुरुवात म्हणजे एक विडंबन आहे. भोंगा वाजताच होमर कारखान्यातून बाहेर निसटतो, स्वतःच्या नावाचे गाणे म्हणत गाडीत बसतो आणि सरळ एका झाडावर जाऊन आदळतो. ‘द फ्लिंटस्टोन्स’ नावाची अश्मयुगीन कुटुंबाची व्यंगचित्र मालिका अमेरिकेत १९६० साली सुरू झाली होती, तिच्या शीर्षकगीताची ही टवाळी आहे, हे मी सांगितले. ते सांगण्यासाठी त्या मालिकेची थोडक्यात कथा सांगावी लागली, आणि त्या कथेत दगडाची मोटार असल्यामुळे ती पायांनी कशी चालवतात याचे प्रात्यक्षिकही दाखवावे लागले. चौघांनी ते शांतपणे पाहून घेतले. मग सासूबाई म्हणाल्या, ‘पण झाडावर आदळला त्याला लागले का?’ विनोदाचे स्पष्टीकरण करताना एका टप्प्यावर सांगणाऱ्यालाच प्रश्न पडतो की यात आपण इतकी वर्षे नेमके कशाला हसत होतो. मी त्या टप्प्यावर सहाव्या मिनिटाच्या आतच पोहोचले.

लेनर्ड निमॉय आले तेव्हा तर माझा धीर सुटायचाच बाकी होता. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ मालिकेतले स्पॉक म्हणून जगाला ठाऊक असलेले हे नट या भागात स्वतःच्याच भूमिकेत, मोनोरेलच्या उद्घाटनाचे पाहुणे म्हणून येतात आणि नगराध्यक्ष क्विम्बी त्यांना भलत्याच चित्रपटातले वाक्य म्हणून शुभेच्छा देतो. मी कोण हे तरी तुम्हाला माहीत आहे का, असे निमॉय त्याला विचारतात. आमच्या दिवाणखान्यातून या प्रश्नाला एकमुखाने ‘नाही’ असे उत्तर आले. तेव्हा मी १९६६ सालापासून सुरुवात केली. टोकदार कान झाले, अंतराळयान झाले, भावनांवर ताबा ठेवणारा ग्रह झाला (‘चांगला ग्रह आहे,’ सासरे म्हणाले), आणि एवढे सगळे झाल्यावर मूळ विनोद दोन सेकंदांचा होता हे लक्षात येऊन मीच ओशाळले. ती जागा भरून काढायला मी एक आतली गोष्ट सांगितली. निर्मात्यांना आधी ‘स्टार ट्रेक’मधलेच जॉर्ज टाकेई हवे होते. पण ते पूर्वी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सार्वजनिक वाहतूक मंडळावर संचालक होते, त्यामुळे सार्वजनिक वाहतुकीची थट्टा करायला त्यांनी नकार दिला. संपूर्ण दुपारी सासऱ्यांनी मनापासून दाद दिली ती या एका गोष्टीला. ‘तत्त्वाचा माणूस,’ ते म्हणाले. ‘त्यांचा एखादा भाग नाही का?’

मध्यंतरी इस्त्रीवाला आला. त्याच्याशी चादरींच्या संख्येवरून वाद झाला आणि तो मिटेपर्यंत अणुकचरा तसाच उद्यानात पडून होता.

अणुकचरा बर्न्ससाहेबांचा. प्रकल्पाचा हा वृद्ध आणि कंजूष मालक पिंपे उद्यानातल्या झाडांत कोंबताना पकडला जातो, तीस लाख डॉलरचा दंड भरतो, आणि त्या पैशाचे करायचे काय हे ठरवायला स्प्रिंगफील्डचे नागरिक सभा भरवतात. या प्रसंगासाठी मी सर्वांत जास्त तयारी केली होती. लाइल लॅन्ली नावाचा एक गोडबोल्या विक्रेता उभा राहतो आणि गाणे म्हणून अख्ख्या गावाला मोनोरेल विकतो. हे दृश्य ‘द म्युझिक मॅन’ या १९५७ च्या ब्रॉडवे संगीतिकेवर बेतलेले आहे, जिच्यात असाच एक फिरता भामटा आयोवातल्या गावकऱ्यांना बँडची वाद्ये विकतो, वगैरे सर्व मी मनात जुळवून ठेवले होते. पण सभा सुरू झाली आणि माझ्या लक्षात आले की आता कुणी प्रश्न विचारत नाही. सासरे पुढे सरकून बसले होते. सासूबाईंनी निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवली होती.

मार्ज उठून म्हणते की मुख्य रस्ता पार उखडला आहे, तो दुरुस्त करू. सभा आधी तिच्या बाजूने झुकते. मग मागून शीळ ऐकू येते, लॅन्ली येतो आणि म्हणतो की माझ्याकडे एक कल्पना आहे, पण जाऊ द्या, ती शेजारच्या शेल्बीविलवाल्यांनाच जास्त शोभेल. ‘आता संपले,’ सासूबाई पुटपुटल्या. त्यांना कथानक माहीत नव्हते. त्यांना आमची सोसायटी माहीत होती. गच्चीवरच्या मोबाइल टॉवरचे भाडे साठले तेव्हा आमच्याकडेही विशेष सर्वसाधारण सभा झाली होती, आणि तिच्यात ‘बी’ विंगची गळती काढावी असे म्हणणारी बाई मी होते. पाठिंबा चांगला मिळत होता. तेवढ्यात रंगीत माहितीपत्रके घेऊन एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले की प्रवेशद्वारी दिव्यांचे कारंजे हा प्रस्ताव खरे तर मी पलीकडच्या सोसायटीसाठी आणला होता. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. सूचक सासरे होते. कारंजे पाणी सोडल्याच्या दिवशी उडाले, त्यानंतर त्यात तुळस लावली आहे, आणि ‘बी’ विंगला, म्हणजे आम्हाला, पावसाळ्यात बादल्या लावाव्या लागतात.

त्यामुळे लॅन्ली गाऊ लागला तेव्हा घरात दोन तट पडले. सासऱ्यांना त्याची मांडणी आवडली. प्रत्येक शंकेला यमकात उत्तर देतो, आवाज होईल का म्हटले तर ढगासारखी जाईल म्हणतो, आळशांचे काय म्हटले तर त्यांनाही नोकऱ्या देतो; ‘गृहपाठ करून आलेला माणूस आहे,’ असे ते म्हणाले. रूळ वाकणार तर नाही ना, ही एकमेव तांत्रिक शंका विचारतो तो दुकानदार अपू. तो भारतीय आहे हे मी सांगताच सासऱ्यांची मान ताठ झाली. ‘बघ, साऱ्या गावात मुद्द्याचे एक आपल्या माणसानेच विचारले.’ मग लॅन्लीने त्यालाही एका ओळीत गप्प केले, तेव्हा ते म्हणाले की उत्तर इतिवृत्तात लेखी घ्यायला हवे होते. शेवटी एकटी मार्ज रस्त्याची आठवण करून देते आणि तिचा स्वतःचा मुलगा तिला सांगतो की जमावाचा कौल लागला आहे. इथे आमचे चिरंजीव मोठ्याने हसले. सासूबाईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. ‘आई म्हणत होती ते बरोबर होते,’ त्या म्हणाल्या, आणि त्या पडद्यावरच्या आईबद्दल बोलत होत्या की इकडच्या, हे मी मुद्दामच विचारले नाही.

पुढच्या दृश्यात तर लॅन्ली शाळेत येतो. छोट्याशा, एका जागी दाटलेल्या गावाला मोनोरेल कशासाठी, असे आठ वर्षांची लिसा त्याला रोखठोक विचारते. मी उत्तर देईन, पण ते या वर्गात तुला आणि मलाच कळेल, असे तो म्हणतो आणि ती चक्क लाजून खाली बसते. सासऱ्यांनी खाकरून घसा साफ केला. त्या कारंजेवाल्या गृहस्थांनी सभेत त्यांना ‘विजेतले आपण जाणकार’ असे म्हटले होते.

गावांना मोनोरेल विकून पळ काढणारा हा माणूस पूर्वी नॉर्थ हॅवरब्रूकला गंडा घालून आला आहे, असा संशय येऊन मार्ज तिथे एकटीच गाडी हाकत जाते. गाव उजाड पडले आहे, पण मोनोरेल बनवणारा पश्चात्तापदग्ध तंत्रज्ञ तिला भेटतो आणि सगळे सांगतो. सासूबाईंचा जीव एव्हाना मार्जमध्ये गुंतला होता. ती मुलांच्या जेवणाचे काय करून गेली एवढीच त्यांची विवंचना होती. इकडे होमर काही आठवड्यांच्या प्रशिक्षणावर मोनोरेलचा चालक झाला आहे आणि अग्निशामकाच्या कपाटात पॉसम नावाच्या प्राण्याचे बिऱ्हाड सापडल्यावर तो त्यातल्या मोठ्याचे बारसे करून मोकळा होतो. मुंबईत वडाळा ते चेंबूर अशी देशातली पहिली आधुनिक मोनोरेल धावू लागली ती फेब्रुवारी २०१४ मध्ये, म्हणजे या भागानंतर एकवीस वर्षांनी, असे मी सहज म्हणाले. सासऱ्यांनी ‘ते वेगळे’ एवढेच म्हणून हात हलवला.

मोनोरेल सुसाट सुटते आणि थांबत नाही. ती सूर्याच्या शक्तीवर चालते, त्यामुळे ग्रहण लागताच थबकते. लोक जल्लोष करतात, ग्रहण सुटते, गाडी पुन्हा धावू लागते. माझ्या मते हा भागातला सर्वांत सुबक विनोद आहे आणि मी श्वास रोखून श्रोत्यांकडे बघत होते. सासरे म्हणाले, ‘बॅटरी बॅकअप ठेवला नाही?’ आत्याबाई म्हणाल्या, ‘त्या गाडीत कुणी पोटुशी नाही ना गं?’

अखेर होमर गाडीवरचे भलेमोठे ‘एम’ अक्षर दोराला बांधून नांगरासारखे खाली सोडतो, ते रस्ताभर ओरबाडत जाते आणि एका दुकानावरच्या प्रचंड डोनटमध्ये अडकते. सासूबाईंना तो मेदुवडा वाटला. मी तो तसाच राहू दिला, कारण भोक महत्त्वाचे. लॅन्लीलाही शिक्षा होते. पैसे घेऊन पळताना त्याचे विमान वाटेत नेमके नॉर्थ हॅवरब्रूकला उतरते आणि तिथले लोक त्याची वाट पाहत असल्यासारखे धावून येतात. मग निमॉय गंभीरपणे म्हणतात की माझे काम झाले. गावातला दारुडा बार्नी विचारतो, तुम्ही तर काहीच केले नाही. ‘नाही केले?’ असे म्हणून ते गूढ हसतात आणि जागच्या जागी अंतर्धान पावतात. स्पॉक, अंतराळयान, किरणांतून होणारा प्रवास, यांतले काही पुन्हा सांगावे म्हणून मी तोंड उघडले, तोच चौघेही खदखदून हसले. ‘हे आपले अध्यक्ष!’ सासरे डोळे पुसत म्हणाले.

शेवटी मार्जचा आवाज ऐकू येतो. गावाने केलेला हा एकमेव वेडेपणा, असे ती सांगते. मग जरा थांबून तीन अपवाद सांगते. आइसफ्रूटच्या काड्यांची गगनचुंबी इमारत, ती जाळणारे पन्नास फुटी भिंग, आणि कुठेच न जाणारा सरकता जिना, ज्याच्या टोकावरून माणसे एकामागून एक खाली पडतात.

‘सरकता जिना,’ सासरे म्हणाले. हसणे ओसरले होते आणि त्यांची नजर छताकडे लागली होती. ‘बी विंगची लिफ्ट तशीही सारखी बंदच असते.’

‘पडतात हो माणसे,’ सासूबाई म्हणाल्या.

‘ते त्यांनी वर नेऊन मध्येच सोडला म्हणून. आपण दुसऱ्या मजल्यापर्यंत व्यवस्थित न्यायचा.’ त्यांनी चष्मा चढवला आणि टिपॉयवरची सोसायटीची वही ओढून घेतली. ‘नुसते अंदाजपत्रक मागवायला काय हरकत आहे?’