बिस्किटाची वीट

नानांनी माझ्या बिस्किटावर नख ओढलं, तेव्हाच मी बशी उचलायला हवी होती.

कमी तुपाची, कणकेची, पौष्टिक बिस्किटं. नाना खालच्या मजल्यावरचे, सोसायटीच्या कसल्याशा कागदावर सही घ्यायला आलेले. चहा टाकलाच होता, म्हणून चार बिस्किटं पुढे ठेवली. नाना बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत, हे मी विसरले.

"ओरखडा उठत नाही," ते म्हणाले. "चांगलं लक्षण आहे."

"कशाचं?"

"विटेचं."

मग त्यांनी दोन बिस्किटं एकमेकांवर आपटली. खण्ण! नानांचा चेहरा उजळला. "वहिनी, भाजणी उत्तम हं. कच्ची वीट बद्द वाजते." तिसरं छातीच्या उंचीला धरलं, "हे साधारण एक मीटर" असं स्वतःलाच सांगितलं आणि सोडून दिलं. बिस्किट शाबूत. नाना वाकले, पण बिस्किट उचलायला नाही. फरशीला कुठे टवका उडाला का ते बघायला. हे मला अजून लागतंय.

"आता पाणी किती पिते ते बघू. वीट चोवीस तास भिजवायची. वजन वीस टक्क्यांच्या वर वाढलं तर नापास. किचनचा काटा आहे का?"

होता. मीच आणून दिला. 14 ग्रॅमचं बिस्किट पाच मिनिटं चहात बुडून 15 ग्रॅम भरलं. "सात टक्के! पहिला दर्जा," असं म्हणून नानांनी उरलेला चहा नुसताच प्यायला.

विटा का झाल्या, ते मला नानांनी सांगायची गरज नाही. शंकरपाळ्याला मोहन कमी पडलं की काय होतं, ते आपल्याकडे शाळकरी पोरीलाही ठाऊक असतं. तूप पिठाच्या कणाकणाला माखतं आणि पाण्याला आत शिरू देत नाही. पाणी शिरलं की ग्लूटेनच्या, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाच्या, तारा धरतात. पोळीला त्या हव्या असतात, बिस्किटाला नकोत. नानकटाईचा घरगुती हिशोब 200 ग्रॅम मैद्याला 100 ग्रॅम तूप, 100 ग्रॅम पिठीसाखर. मी मैद्याच्या जागी कणीक घेतली आणि तूप 50 वर आणलं. गोळा होईना, म्हणून चार टेबलस्पून दूध ओतलं. तरी भेगा पडल्या, म्हणून मळलं. चांगलं पाच मिनिटं मळलं! म्हणजे गोड पोळीच भाजली की ओव्हनमध्ये.

आणि ते "तुपाऐवजी तेवढाच सफरचंदाचा गर घाला" सांगणारे लोक! गरात बहुतेक पाणीच असतं. बिस्किट फुगतं, मऊ पडतं, केकचं धाकटं भावंड होतं आणि दुसऱ्या दिवशी चिवट. हे मात्र कोणी सांगत नाही. फोटो पहिल्या दिवशीचा असतो.

बरं, एवढं करून वाचलं काय? 50 ग्रॅम तुपाच्या 450 कॅलरी, 24 बिस्किटांत वाटल्या तर नगाला 19 सुद्धा नाहीत. साखर होती तेवढीच. हे मी नानांना मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. ते म्हणाले, "मग नेहमीचं करून पाव बिस्किट कमी खायचं की!" गणित बरोबर निघालं, हाच राग.

दुसऱ्या खेपेला तुपाशी भांडण थोडं आवरतं घेतलं. 140 ग्रॅम कणीक, 60 ग्रॅम ज्वारीचं पीठ (ज्वारीत ग्लूटेन नाही, तेवढी चिवटाई कमी), अर्धा चमचा बेकिंग पावडर, 70 ग्रॅम थिजलेलं तूप, 90 ग्रॅम पिठीसाखर. तूप पातळ घेतलं तर त्यात हवा धरत नाही, बिस्किट दडस होतं. थिजलेलंच साखरेबरोबर पांढरं होईपर्यंत फेसायचं. दुधाऐवजी दोन टेबलस्पून चक्का. वेलची आणि मीठ नेहमीपेक्षा चिमूटभर जास्तच, कारण तूप गेलं की स्वादही निम्मा जातो. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं आणि वीस मिनिटं फ्रीजमध्ये. कणकेतला कोंडा तेवढ्यात ओल पितो. मग पाच मिलिमीटर जाड लाटून काट्याने टोचे मारायचे आणि 160 अंशांवर पंधराएक मिनिटं भाजायचं. कडा गुलाबी आणि मधे बोट दाबलं तर दबतंय, तेव्हाच बाहेर. माझी पहिली खेप इथेही फसली होती. "अजून मऊ आहेत" म्हणून मी ती सात मिनिटं जास्त ठेवली. बिस्किट कडक होतं ते निवताना. कमी तुपाचं तर जरा जास्तच.

नानांना बोलावलं नव्हतं. वासावर आले. नख ओढलं, भुगा पडला. एक मीटरवरून सोडलं, तीन तुकडे.

"नापास," नाना म्हणाले आणि तुकडे उचलून, फुंकर मारून, तिन्ही तोंडात टाकले. मग "घरी दाखवतो" म्हणून आठ बिस्किटं माझ्या स्टीलच्या डब्यात भरून नेली. सासूबाईंचं नाव कोरलेला, घट्ट झाकणाचा डबा. आज अकरावा दिवस.