दहा मिलीचा मंत्र

गाईने सकाळच्या आंबोणाला तोंड लावले नाही आणि रवंथ थांबवले, की सुज्ञ पशुपालकाने थर्मामीटर शोधण्यात वेळ दवडू नये. निरोगी गाईचे तापमान 101 ते 102 अंश फॅरेनहाइटच्या आसपास असते आणि ते गुदद्वारात थर्मामीटर ठेवून मोजायचे असते, हे ज्ञान परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी आहे. आपण पाठीवरून हात फिरवावा, ‘अंग तापलंय’ असा निकाल द्यावा आणि गोठ्याच्या कोनाड्यात गोचिडाचे औषध व उंदराच्या गोळ्या यांच्या मधोमध गेल्या पावसाळ्यापासून विसावलेली प्रतिजैविकाची बाटली खाली उतरवावी. गाय कालच व्यालेली असेल, तिचे कान गार पडले असतील आणि मान पोटाकडे वळवून ती बसून राहिली असेल, तर तिच्या रक्तातले कॅल्शियम घटल्याचा संशय एखादे अनुभवी म्हातारे बोलून दाखवतील. त्यांना चहा द्यावा. ज्या रोगाचे औषध आपल्या कोनाड्यात आहे तोच रोग गाईला झालेला असतो, हे एकदा गृहीत धरले म्हणजे पुढचे सारे उपचारशास्त्र सोपे होते.

बाटलीवर पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशा अर्थाची एक ओळ छापलेली असते. ती मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत आहे, यावरूनच ती पाळण्यासाठी नाही हे चाणाक्ष माणसाने ओळखावे. सातारा जिल्ह्यात शिरवळला 1988 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथे मुले पाच वर्षांहून अधिक काळ घालवून ही विद्या शिकतात, याचे मला नेहमी वाईट वाटते, कारण तीच विद्या आपल्याला मेव्हण्याने लग्नाच्या मांडवात अर्ध्या तासात शिकवलेली असते. 1962 या क्रमांकावर फोन केल्यास फिरते पशुचिकित्सा पथक येण्याची सोय आहे, परंतु पथक आले की प्रश्न विचारते: कधीपासून आजारी, किती महिन्यांची गाभण, याआधी काय टोचले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चारचौघांत देण्यासारखे नसते. खरे सांगायचे तर माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतल्या एखाद्या वस्तीवर रात्री अकरा वाजता गाय आडवी पडली, तर दहा-पंधरा किलोमीटरच्या आत डॉक्टर भेटेलच असे नाही, आणि त्या वेळी मनुष्य हाताशी असेल ते करतो. त्या रात्रीबद्दल मला काही म्हणायचे नाही. माझा हा उपदेश दवाखान्याच्या समोरच गोठा असलेल्या मंडळींसाठी आहे.

आमच्याकडे या घरगुती विद्येची कीर्ती मुख्यतः तिव्याने वाढवली. पावसाळ्यात डास-चिलटे माजली की तिवा येतो. जनावर एकाएकी तापते, आज एक पाय लंगडते तर उद्या दुसरा, आणि दूध एकदम तुटते. हा विषाणूचा आजार आहे आणि प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. पण तिव्याचा एक मोठा गुण असा, की बहुतेक जनावरे तिसऱ्या दिवसाच्या सुमारास आपणहून सावरतात. हिशेब नावातच दिलेला आहे. म्हणून पहिला दिवस वाट पाहण्यात घालवावा, दुसऱ्या दिवशी दहा मिली टोचावे आणि तिसऱ्या दिवशी उठून उभ्या राहिलेल्या गाईचे दर्शन साऱ्या आळीला घडवावे. जो पशुवैद्य ‘सावलीत बांधा, पाणी भरपूर पाजा, ताप आणि दुखणे कमी करणारे औषध देतो, बाकी ती आपोआप उठेल’ असे सांगतो, त्याला आपण फी देतो खरे, पण मनातून तो आपल्याला कच्चा वाटतो. सुई न मारता गेला तो कसला डॉक्टर! 2022 साली लम्पी हा गुरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग पसरला तेव्हाही असेच झाले. तोही विषाणूच, फुटलेल्या गाठींच्या जखमांत जिवाणू शिरले तर प्रतिजैविक लागते, एवढे डॉक्टरांनी सांगितले होते. आपण त्यातला ‘लागते’ हा शब्द तेवढा लक्षात ठेवला.

आता मात्रेकडे वळू. दहा मिली हा आकडा कोणी ठरवला, याचा शोध मला लागलेला नाही, पण त्याची सत्ता जबरदस्त आहे. खिल्लार बैलाला दहा मिली, संकरित गाईला दहा मिली, रेडकाला दहा मिली आणि माडग्याळी मेंढीलाही, मालक उदार असेल तर, दहा मिली. पुस्तकात मात्रा वजनावर असते आणि वजन काढायला काटाही लागत नाही. शिंप्याची टेप घ्यावी, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजावा, खांद्याच्या पुढच्या टोकापासून बैठकीच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, की वजन किलोत येते. 72 इंच घेर आणि 60 इंच लांबी असलेली गाय अशा रीतीने सुमारे 470 किलोंची भरते. दीर्घकाळ टिकणारे ऑक्सिटेट्रासायक्लीन, ज्याच्या एका मिलीत 200 मिलिग्रॅम औषध असते, ते किलोमागे 20 मिलिग्रॅम द्यायचे, म्हणजे दर दहा किलोंना एक मिली. तेव्हा या गाईला 47 मिली हवे, आणि एका जागी साधारण दहा मिलीच टोचायचे असल्यामुळे पाच ठिकाणी विभागून हवे. पाच वेळा टोचायचे म्हटल्यावर गाय लाथ मारील, बाटल्या दोन लागतील आणि सौभाग्यवती खर्चाचा हिशेब मागतील. त्यापेक्षा पाचवा हिस्सा देऊन जिवाणूंना केवळ ओळख करून द्यावी, हे सर्वांच्याच हिताचे. तीस मिलीच्या बाटलीत दहा आज, दहा उद्या आणि दहा शेजाऱ्याला, असा सुबक भागाकारही त्यामुळे जमतो.

औषधाची निवड रंगावरून करावी. पांढरे, पिवळे आणि लाल असे तीन मुख्य वर्ग आमच्याकडे मानले जातात. पांढरे म्हणजे बहुधा पेनिसिलीन, पिवळे म्हणजे टेट्रासायक्लीन किंवा त्याच्या तोंडवळ्याचे दुसरे काही, आणि लाल हे बहुतेक वेळा नुसते बी जीवनसत्त्व असले तरी रंग रक्ताचा असल्यामुळे ते सर्वांत जोरकस समजले जाते. आजार गंभीर वाटल्यास तिन्ही एकाच सिरिंजमध्ये ओढावीत. पेनिसिलीन वाढत्या जिवाणूंना मारते आणि टेट्रासायक्लीन जिवाणूंची वाढच थांबवते, त्यामुळे दोघे एकत्र आले की एकमेकांचे काम अडवतात, असे जाणकार म्हणतात. पण भाऊबंदकी आपल्याला नवी नाही. टोचण्याची जागा पुठ्ठा, म्हणजे जनावराचा मागचा मांसल भाग. मानेच्या बाजूला, खांद्याच्या पुढच्या मांसल त्रिकोणात टोचावे असे शिकवतात, कारण पुठ्ठ्यातून पायाचा मुख्य मज्जातंतू जातो आणि सुई त्याला लागली तर जनावर पाय ओढू लागते. परंतु मानेजवळ शिंगे असतात, आणि पशुपालकाच्या सुरक्षिततेचाही विचार कोणीतरी केला पाहिजे. सुई खुपसल्यावर दट्ट्या जरा मागे ओढून रक्त येते का, हे पाहण्याची पद्धतही घाईत सोडून द्यावी. पांढरे प्रोकेन पेनिसिलीन चुकून रक्तवाहिनीत गेले तर गाय क्षणात बिथरते, थरथरते आणि कोसळते. पेनिसिलीनची ॲलर्जी उफाळली तरी असाच प्रसंग येतो आणि तेव्हा मिनिटामिनिटाला किंमत असते. डॉक्टरांच्या पेटीत त्यासाठी ॲड्रेनलिन असते. आपल्या कोनाड्यात उंदराच्या गोळ्या आहेत.

दुसऱ्या दिवशी गाईने पेंड खाल्ली की उपचार तत्काळ बंद करावा. डॉक्टर तीन किंवा पाच दिवसांचा कोर्स लिहून देतात, त्यामागे असे कारण सांगतात की पहिल्या दिवशी मरतात ते दुबळे जिवाणू, आणि चिवट मंडळी शेवटच्या मात्रांसाठी थांबलेली असतात. पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेलच्या व्याख्यानातच बजावले होते, की मरणार नाहीत एवढ्या थोड्या औषधात जिवाणू ठेवले की ते औषधाला दाद देईनासे होतात, आणि हे प्रयोगशाळेत करणे मुळीच अवघड नाही. प्रयोगशाळेत ते किती खर्चाचे असेल कोण जाणे; आपण ते शेणाच्या उकिरड्याशेजारी विनाखर्च करून दाखवतो. दगडी झालेल्या, म्हणजे जंतूंमुळे सुजून घट्ट झालेल्या, कासेचे उदाहरण घ्या. सडातले दूध निर्जंतुक बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत पाठवले तर कोणता जिवाणू आहे आणि तो कोणत्या औषधाला मरतो, हे दोन-तीन दिवसांत कळते. तेवढ्या दिवसांत आपण पांढरे, पिवळे आणि पुन्हा पांढरे अशी प्रदक्षिणा पूर्ण केलेली असते, सड बसलेला असतो, आणि त्याचे खापर फोडण्यासाठी शेजारणीची नजर तयारच असते.

सुई दावणीच्या शेवटच्या जनावरापर्यंत एकच पुरवावी. एका गाईच्या रक्तातले जंतू दुसरीला त्या सुईने मिळतात, पण शेजारधर्म म्हणून काही असतेच.

एवढे झाल्यावर दुधाचा प्रश्न येतो, आणि इथे मला वाचकांची खरी कीव येते. औषध रक्तातून कासेत उतरते, म्हणून शेवटच्या टोचणीनंतर ठरावीक दिवस दूध डेअरीला घालू नये, असा नियम आहे. तो कालावधी औषधाच्या वेष्टनावर छापलेला असावा, आणि छापलेला नसेल तर दुधासाठी तो किमान 7 दिवस व मांसासाठी 28 दिवस धरावा, असे आपल्या औषध नियमांत 2012 पासून लिहिलेले आहे. पंधरा लिटरची गाय सात दिवस म्हणजे 105 लिटर. लिटरला तीस रुपये दर धरला तर 3,150 रुपये मोरीत. हे पैसे भरून देणारी कोणतीही योजना नाही, पेंडवाला उधारीवर थांबत नाही, आणि संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) पाहून दर लावतात. प्रामाणिकपणाची टक्केवारी मोजणारे यंत्र तिथे बसवलेले नाही. तेव्हा सकाळी टोचावे आणि संध्याकाळची धार बिनदिक्कत कॅनमध्ये ओतावी. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या मानकाप्रमाणे दुधात पेनिसिलीनचा अंश लिटरला 4 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावा, म्हणजे चार ग्रॅम औषध दहा लाख लिटरांत विरघळवले तर चालेल एवढाच. आपल्या एका गाईचे दूध शीतकरणाच्या टाकीत साऱ्या गावाच्या दुधात मिसळते आणि कोणाचे काय होते, ते कळेनासे होते. सहकार म्हणतात तो हाच. उकळल्याने सगळे जाते, असे कोणी म्हटल्यास मान डोलवावी. यांतली बरीच औषधे उकळीला दाद देत नाहीत, ही माहिती चुलीपर्यंत पोचवण्याची घाई करू नये.

डेअरीने कधी चाचणीपट्टी लावून दूध परत पाठवलेच, तर ते वासरांना पाजावे. वासराच्या आतड्यातले जंतू त्यामुळे लहानपणापासूनच औषधाशी जुळवून घ्यायला शिकतात आणि ती गाय होईपर्यंत घराण्याची परंपरा सुरू राहते.

कोणी म्हणेल की जनावरांच्या औषधाचा माणसांशी काय संबंध. काहीच नाही, फक्त बाटल्यांवरची नावे सारखी असतात. दगडीसाठी गोठ्यात आणलेल्या सेफ्ट्रायॅक्सोन या प्रतिजैविकाच्या कुपीत पाणी घालून हलवताना आमच्या एका पाहुण्यांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितले, की गेल्या महिन्यात वडिलांना मिरजेला नेले होते तेव्हा तिथेही हेच दिले, म्हणजे आपले निदान मोठ्या डॉक्टरांच्या तोडीचे आहे. वडिलांना त्याने गुण आला का, असे मी विचारले. ‘नाही, दोन दिवसांनी बदललं, महागातलं लावलं,’ ते म्हणाले, आणि कुपी हलवत राहिले. कोलिस्टिन नावाचे एक औषध इस्पितळांत अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात. 2019 साली केंद्र सरकारने अन्न देणाऱ्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्याचा वापर बंद केला. सरकारला हे सुचेपर्यंत ते कोंबड्यांच्या वाढीसाठी खाद्यातून जात होते, हे लक्षात घेतले म्हणजे आपण आपल्या कोनाड्याबद्दल उगाच अपराधी वाटून घेण्याचे कारण उरत नाही.

राहता राहिली घरातली एक किरकोळ अडचण. गाईचे दूध डेअरीला जाते तसे त्यातले लिटरभर घरीही राहते, आणि रात्री विरजण घातले की सकाळी पातेल्यात दही नसते, कोमट दूधच असते. कारण दुधाचे दही करणारे जिवाणूही शेवटी जिवाणूच, आणि पिवळ्या औषधाला त्यांच्यातले चांगले-वाईट निवडता येत नाही. घरात विरजणाला, थंडीला आणि सुनेच्या हाताला दोष दिला जातो. अशा वेळी वाद वाढवू नये. शेजाऱ्याकडून शेरभर दूध मागवावे आणि त्याचे दही लावावे. फक्त बाटलीतली शेवटची दहा मिली परवा त्यांच्याच म्हशीला गेली होती का, एवढे पातेले पाठवण्यापूर्वी आठवून पाहावे.