पंपाच्या कपाळावर पट्टी

आमच्या ट्रकला चालायचं वावडं कधीच नव्हतं. वावडं होतं ते थांबायचं.

१९९८ सालचा छोटा ट्रक, वडिलांनी घेतलेला. एरवी गरीब गाय, पण चैत्र लागला की त्याच्या अंगात यायचं. पुण्याच्या मार्केट यार्डातून किराणा भरून साताऱ्याला निघालो की खंबाटकीचा घाट भर दुपारी, भरल्या लोडाने, एका दमात चढायचा. पुढे आनेवाडीचा टोलनाका. रांगेत पाच गाड्या. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की दोन आचके आणि शांतता. मग सेल्फ मारत बसा. पाऊण तासाने, निवल्यावर, पहिल्या सेल्फला चालू! फास्टॅग असूनही टोलनाक्यावर मुक्काम करणारा बहुधा मीच.

मागे हॉर्न वाजवणाऱ्यांतले निम्मे लोक खाली उतरून मिस्त्री व्हायचे. पहिला प्रश्न ठरलेला : "डिझेल संपलं का?" संपलेलं नसायचं. मला मात्र दर वेळी काट्याकडे बघावंसं वाटायचं.

खऱ्या मिस्त्रींनी वेगळं काही केलं नाही, फक्त पैसे घेतले. एकाने डिझेल फिल्टर बदलला. दुसरा म्हणाला, "एअर घेतोय, डिझेलच्या लाइनीत हवा शिरतेय." त्याने सगळ्या जोडांचे तांब्याचे वॉशर बदलले आणि हँड प्रायमर मारून एअर काढली. ट्रक आठ दिवस शहाण्यासारखा वागला. नंतर कळलं, ते आठही दिवस ढगाळ होते. तिसऱ्याने रेडिएटर उतरवून धुतला. तापमानाचा काटा पहिल्या दिवसापासून मधोमध उभा होता, हे मी त्याला सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, "काटा खोटं बोलतो." खोटं कोण बोलतंय हे बिल आल्यावर कळलं.

दरम्यान आम्ही न थांबता जगायला शिकलो. चहाला थांबलो तरी इंजिन चालू, आणि रेस धरायला भाचा केबिनमध्ये. त्याचा चहा मी खिडकीतून द्यायचो.

शेवटी साताऱ्यात गाड्यांचे डिझेल पंप दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री भेटले. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. ट्रक बंद पडू दिला, माठातल्या पाण्यात गोणपाट भिजवलं आणि इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर ते टाकलं. दहा मिनिटांनी म्हणाले, "मार सेल्फ." चालू! गेल्या दोन महिन्यांत एवढे पैसे घालवून जे कळलं नाही, ते त्या गोणपाटाने एका तांब्यात सांगितलं.

"तूप थिजलेलं असलं की तळहातावर राहतं ना? कढवलं की बोटांच्या फटीतून जातं. तुझ्या पंपाच्या आतला हेड-रोटर, म्हणजे डिझेलला दाब देऊन पुढे ढकलणारा भाग, झिजलाय. डिझेल तापून पातळ झालं की त्या फटीतून मागे निसटतं. घाटात इंजिन जोरात फिरतं, म्हणून निभावतं. आयडलिंगला, म्हणजे रेस सोडली की, दाब पुरत नाही. सेल्फवर तर इंजिन मिनिटाला दोनशेच्या आसपास फिरणार, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत पोचणार काय? आणि बर्फबिर्फ ठेवू नको हां, पंप जाम होईल."

लहानपणी ताप आला की आई मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायची. त्या उपचाराने ट्रकही चालू होतो, एवढंच नवीन होतं.

पंप उघडायचा, तपासणीच्या बेंचवर लावायचा, हेड-रोटर नवा टाकायचा. मिस्त्रींनी आकडा ट्रकला ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगितला. मी ट्रककडे बघितलं. त्यांनीही बघितलं. आम्ही दोघंही सभ्य माणसं, मनातलं कोणी बोललं नाही.

"पावसाळा लागेपर्यंत पट्टीवर काढू," मी म्हटलं.

आता केबिनमध्ये दोन माठ असतात, एक आमचा, एक त्याचा. काल आनेवाडीला पुन्हा आचके आले. भाचा गोणपाट पिळतोय तोवर मागच्या कंटेनरचा ड्रायव्हर उतरून आला. "डिझेल संपलं का, दादा?"

भाच्याने मान वर न करता सांगितलं, "नाही. ताप आलाय."