स्टेज टू आहे म्हणे

मे महिन्यातला रविवार, सकाळचे सात, अन् मी धरमपेठेतल्या एका अनोळखी घराच्या पोर्चमध्ये दुसऱ्याच्या गाडीच्या बोनेटवर, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा हात ठेवून उभा. बोनेट गरम होतं. गाडी मी विकत घ्यायला पाहत होतो, अन् आदल्या रात्री विकणाऱ्या त्या पोट्ट्याला मी फोनवर तीनदा बजावलं होतं की बाबा, इंजिन थंड पाहिजे, मी आल्याशिवाय चालू करू नको. कारण थंड इंजिन पहिल्यांदा उठतं तेव्हाच खरं बोलतं, चेनचा खडखडाट म्हणा की निळा धूर म्हणा, जे काय असेल ते पहिल्या दहा सेकंदांत कळतं, एकदा गरम झालं की मग ते निवडणुकीतल्या उमेदवारासारखं सगळ्यांशी गोड. मी विचारलं, का रे, गाडी गरम कशी? तर म्हणे, "काका, नागपूरचं ऊन आहे न."

पोर्चला छप्पर होतं.

गाडी कोणती ते सांगतो. स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस, 2017 ची. दिसायला एकदम सभ्य, मागच्या सीटवर सासू आरामात बसेल अशी फॅमिली गाडी, पण आत दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 230 घोडे, 350 न्यूटन मीटर टॉर्क अन् सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. नवीन होती तेव्हा शोरूमची किंमत पंचवीस लाखाच्या आसपास. पुढे 2020 मध्ये 245 घोड्यांवाली आली, पूर्ण देशाला मिळून फक्त 200 गाड्या, 36 लाखाला एक, त्याही पाहता पाहता संपल्या. तेव्हा मी होमलोनचे हप्ते भरून राहिलो होतो. आता हप्ते संपले, डोक्यावरचे केसही संपत आले, म्हटलं आता नाही तर कधी.

घरी मी समृद्धी महामार्गाचं कारण दिलं. साळी ठाण्याला राहते, 2022 च्या डिसेंबरमध्ये रस्ता शिर्डीपर्यंत सुरू झाला तेव्हापासून मी हे घोडं दामटून राहिलो होतो, अन् आता तर अख्खा 701 किलोमीटर झाला. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, पण तिथं 120 च्या वर चालवता येत नाही न? मग 120 तर आपली आत्ताची गाडीही जाते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिनंच विचारलं, डिक्की केवढी आहे? हे मात्र मला तोंडपाठ होतं. 590 लिटर. मागची काचच डिक्कीच्या झाकणासोबत वर उचलली जाते, गव्हाची पोती आडवी जातील. तर त्या 590 लिटरवर परवानगी मिळाली.

आता मुख्य भानगड. गाडी मॉडिफाइड होती. जाहिरातीत लिहिलं होतं 'स्टेज टू'. मला काही समजलं नाही म्हणून मी पोट्ट्याला फोन लावला, त्यानं समजावून सांगितलं, अन् मग मी हॉलमध्ये उभा राहून आमच्या मिस्त्रीला फोन केला की, "हो न, स्टेज टू आहे म्हणे, पण वेळच्या वेळी लक्ष दिलं तर काही होत नाही असं तो म्हणतो, बाहेरून तर काहीच दिसत नाही, आपण रविवारी जाऊन एकदा पाहून येऊ." आई आतल्या खोलीत जपमाळ घेऊन बसली होती. संध्याकाळपर्यंत वर्ध्याच्या बहिणीचा रडवेला फोन आला की कोणाला झालं अन् मला काऊन नाही सांगितलं.

तर स्टेजचं असं आहे. स्टेज वन म्हणजे फक्त सॉफ्टवेअर. इंजिनाचा जो कॉम्प्युटर असतो, ईसीयू, त्यात नवीन मॅप भरायचा, टर्बोनं जास्त हवा दाबायची, त्या हिशेबानं जास्त पेट्रोल, की घोडे वाढले. स्टेज टू म्हणजे त्याच्यावर डाउनपाइप, इनटेक वगैरे, म्हणजे श्वास घ्यायची अन् सोडायची नळी मोठी करायची. स्टेज थ्रीमध्ये टर्बोच मोठा बसवतात. पोट्ट्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याची गाडी आता 310 घोड्यांची होती. घोडे मोजायला कोण जातं.

मिस्त्री म्हणजे घाट रोडवरचे आमचे जुने मिस्त्री. अँबेसेडर अन् फियाटवर हात बसलेला, साठीच्या पुढचे, स्कॅनर वगैरेवर त्यांचा विश्वास नाही. मी मात्र तयारीनं गेलो होतो. गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट वाचणारा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर, रंगाची जाडी मोजायचं यंत्र, टॉर्च, अन् दोन पानांची यादी, एकूण 41 मुद्दे, बँकेत तीस वर्षं ऑडिटला तोंड दिलेला माणूस आहे मी.

यादी सातव्या मुद्द्यालाच बसली.

झालं असं की साध्या गाडीत काही वाजत असलं तर तो फॉल्ट असतो. इथं मी म्हटलं, आवाज भल्ली मोठा येऊन राहिला, तर पोट्टा म्हणे, काका तो तर यायलाच पाहिजे, त्याचेच तर पैसे दिले. म्हटलं, खड्ड्यात धाडकन आदळते. "लोअरिंग स्प्रिंग आहेत काका, गाडी खाली बसते, कंट्रोल वाढते." म्हटलं, पेट्रोलचा वास येतो. "स्टेज टू आहे न." ॲक्सिलरेटर सोडला की मागं फटाफट फटाके फुटत होते, समोरच्या बंगल्यातलं कुत्रं पिसाळल्यासारखं भुंकायला लागलं अन् एक आजी गॅलरीत येऊन आमच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. तोही फीचर. मॅपमध्येच टाकून घेतलेला, पाय काढला की थोडं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन जळतं, अन् त्याचेही वेगळे पैसे. दिवाळीत आपण फुकट ऐकतो ते. म्हणजे गाडीत बिघडलेलं काय अन् मुद्दाम बिघडवलेलं काय हे ओळखायचा मार्गच उरला नव्हता, कारण दोन्हीचा आवाज सारखा, वास सारखा, अन् पोट्ट्याचं उत्तरही सारखं.

डीएसजीचं तेल हा माझा मुद्दा क्रमांक 12. या सहा गिअरच्या डीएसजीत क्लच तेलात बुडालेले असतात, दर 60,000 किलोमीटरला तेल अन् फिल्टर बदलावंच लागतं. मीटरवर 61,400. मी विचारलं, तेल बदललं का? "काका, गिअरबॉक्सही ट्यून केलाय." मिस्त्री म्हणाले, तेल? "ट्यून आहे न काका." मिस्त्री परत म्हणाले, अबे तेल? असं चार वेळा झालं. बिल काही निघालं नाही.

मग रंग. आरसीवर गाडी पांढरी. समोर उभी गाडी मॅट ग्रे. रॅप आहे म्हणे, वरून चिकटवलेली फिल्म, कधीही निघते. मी जाडी मोजायचं यंत्र काढलं. कंपनीचा रंग साधारण 100 ते 140 मायक्रॉन असतो, पुट्टी मारली असेल तर आकडा तीनशे-चारशेच्या वर उडतो. पण फिल्मचीही स्वतःची जाडी असते, ती धरून यंत्र बेरीज दाखवतं, त्यामुळे दरवाजावर लावलं तर 230. डिकीवर, 230. पोट्ट्याचा चेहरा उजळला, "पाहा काका, 230! कंपनीचाच नंबर आहे!"

आता याला काय बोलायचं? मी आपला दरवाजा उघडून आतल्या चौकटीवर, जिथं रॅप पोचत नाही तिथं मोजलं, सव्वाशे आला. चला, एक तरी मुद्दा पास.

स्कॅनर लावला तर त्यात एकही फॉल्ट कोड नाही. मी खूश. मिस्त्री खूश नाहीत. त्यांनी पोट्ट्याला इंजिन बंद करून नुसती किल्ली ऑन करायला लावली अन् मीटरकडे पाहत बसले, सगळे दिवे क्षणभर पेटतात का, की एखादा पेटतच नाही. सगळे पेटले. मग मी स्कॅनरमध्ये खोलात शिरलो तर इंजिनाच्या स्वतःच्या ज्या चाचण्या असतात त्यातल्या अर्ध्या 'अपूर्ण' दाखवत होत्या. कोड पुसले की हे होतं, मग गाडी बरीच चालल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. म्हणजे पाटी काल रात्रीच कोरी केलेली. शिवाय डाउनपाइपमधून धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच गायब, त्यानं पी0420 चा, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा, कोड यायला पाहिजे, तो येऊ नये याची सोयही सॉफ्टवेअरमध्येच. पीयूसी मात्र चालू तारखेचं होतं. कसं मिळालं ते मी नाही विचारलं.

मिस्त्रींची पद्धत वेगळी. त्यांनी ड्रायव्हर सीटची डावी-उजवी कड दाबून पाहिली, ब्रेकच्या पेडलचं रबर पाहिलं, मग टायरच्या आतल्या बाजूनं तळहात फिरवला. लोअरिंगमुळे आतली कड पार गुळगुळीत, बाहेरून टायर नवरदेवासारखा. टायरवर जो चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा अन् पुढचे दोन साल, तो पुढच्या दोन्हीवर 1118. म्हणजे 2018 चा मार्च. शेवटी तेलाचं झाकण उघडून वास घेतला अन् माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, इंजिन चांगलं आहे. गाडीले काही नाही झालं. जे झालं ते पोट्ट्याले झालं."

अन् मग डिक्की उघडली. 590 लिटरमध्ये एक भलामोठा सबवूफर, दोन अँप्लिफायर अन् वायरींचं जंगल. उरलेल्या जागेत फार तर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी मावली असती. मी बायकोला फोटो पाठवायचा म्हणून काढला अन् तसाच डिलीट केला.

मी आरसी मागितली. आरसीवर नाव पोट्ट्याचं नव्हतं, त्याच्या वडलांचं. म्हटलं मग गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 अन् 30 वर सही त्यांची लागेल, बोलव त्यांना. इथं पहिल्यांदा पोट्ट्याचा चेहरा पडला. "बाबांले कायले त्रास देता काका, मी आणतो न सही." मी म्हटलं, नाही बाप्पा, सही माझ्यासमोर. मी बँकेत होतो.

वडील बाहेर आले. इतवारीत होलसेलचं दुकान, बनियन अन् पायजमा, हातात पेपर. त्यांना गाडी विकायची आहे एवढं माहीत होतं, बाकी काही नाही. मी आपली यादी वाचत गेलो. मला वाटलं मालकाला माहीत असेल, मी कशाला लपवू? म्हटलं, एक्झॉस्ट बदललेला आहे, ते आरसीवर चढवलेलं नाही, रंगाचंही नाही, इन्शुरन्सवाल्यालाही सांगितलेलं नाही, उद्या काही झालं तर क्लेम अडकू शकतो.

"बदललेला?" ते म्हणाले. "आवाज तर कंपनीतूनच असा येते न?"

शांतता. समोरचं कुत्रंही गप्प.

"बाबा, ते..."

"अन् मागच्या वर्षी सायलेन्सर सडलं म्हणून माझ्याकडून पैसे घेतले ते?"

"तेच हे."

"अन् कॉम्प्युटर खराब झाला म्हणून?"

"तो स्टेज वन."

मी यादीत पाहायला लागलो, यादीत यासाठी मुद्दा नव्हता. मिस्त्री टायरकडे पाहत होते. आतून पोट्ट्याच्या आईनं चहा पाठवला, तो आम्ही तिघांनी चौथ्याकडे न पाहता प्यायला. त्या माणसाची मला खरंच दया आली, दोन-तीन वर्षं हा माणूस स्वतःच्या पैशानं स्वतःच्या गाडीचे घोडे वाढवून राहिला होता अन् दुकानात स्कूटरनं जात होता.

मी म्हटलं, बरं, आम्ही निघतो. तर ते म्हणाले, "थांबा साहेब. तुम्ही चालवून पाहणार होते न? चला. मीही येतो. पाहू द्या मले, माझा पैसा कुठं गेला."

गाडी गेटच्या उतारावर तिरपी काढावी लागली, तरी पोट घासलंच. पोट्टा चालवत होता, बाजूला वडील, मागे मी अन् डोळे मिटून आवाज ऐकणारे मिस्त्री. वर्धा रोडवरच्या स्पीडब्रेकरांवर वडील प्रत्येक वेळी "हं" म्हणत, हिशेबाच्या वहीत आकडा मांडल्यासारखं. सिग्नलला बाजूच्या स्कूटीवरच्या पोरांनी अंगठा दाखवला, वडलांनी काच वर केली. एअरपोर्ट मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, जामठ्याच्या अलीकडे पोट्ट्यानं आरशात माझ्याकडे पाहिलं, मी काही बोललो नाही, वडीलच म्हणाले, "दाबून दाखव बे एकदा."

त्यानं दाबलं.

माझी यादी गुडघ्यावरून उडून मागच्या काचेला चिकटली. पोट पाठीला लागलं. गिअर पडल्याचं कळतच नव्हतं, नुसता आवाजाचा सूर बदलायचा अन् पुन्हा ढकल. मिस्त्रींनी डोळे उघडले. वडलांच्या हातातला पेपर कधी खाली पडला ते त्यांनाही कळलं नाही. सगळं मिळून सहा-सात सेकंद असतील, मग पोट्ट्यानं पाय काढला अन् मागं फटाके फुटले, फट फट फटाक.

गाडी कडेला एका टपरीपाशी थांबवली. कोणीच बोलेना. वडील उतरले, गाडीला एक चक्कर मारली, मागं वाकून सायलेन्सरकडे बराच वेळ पाहिलं. पोट्टा हात मागं बांधून शाळेत उभं केल्यासारखा. मी मनातल्या मनात किंमत किती पाडायची त्याचा हिशेब लावून राहिलो होतो, टायर चार, डीएसजीचं तेल, डाउनपाइप परत बसवायचा, स्प्रिंग, सबवूफर उतरवायचा...

वडील सरळ उभे झाले, पायजम्याला हात पुसले अन् पोट्ट्याला म्हणाले, "हे स्टेज थ्री किती लागते बे?"

मिस्त्रींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चला साहेब, इथं तर्री पोहे चांगले भेटते."