फुकटचं सॉफ्टवेअर आणि डिसेंबरचा हापूस

‘तुमचा कामाचा किंवा शाळेचा ईमेल पत्ता टाका,’ असं त्या फुकटच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर लिहिलं होतं. मी माझा पत्ता टाकला. पडद्यावर एक चक्र थोडा वेळ गरगरलं आणि उत्तर आलं की हा पत्ता वैयक्तिक दिसतो, इथे चालणार नाही.

ही गोष्ट मंगळवारची. आज शुक्रवार आहे आणि माझा राग अजून पुरता उतरलेला नाही. बावीस वर्षं मी आंब्याची बाग करतोय. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्याशी भांडतो, मेमध्ये वांदरांशी, आणि वर्षभर दलालाशी. पण तुझं काम हे काम नव्हेच, असं आजवर मला यांच्यापैकी कुणीही सुनावलेलं नाही. शाळेचा पत्ता द्यावा, तर शाळा सुटून पस्तीस वर्षं झाली, आणि तेव्हा शाळेत वीजसुद्धा एका वर्गात होती.

हे सगळं भाच्यामुळे. तो पुण्याला हिंजवडीत असतो. मेमध्ये आला, माझी हिशेबाची वही चाळली आणि म्हणाला, “मामा, एवढा डेटा आहे तुझ्याकडे आणि तू तो नुसता लिहून ठेवतोस? ॲनालिसिस कर ना. सॉफ्टवेअर फुकट आहे.” हे बोलताना तो डिकीत पाच डझनी पेटी ठेवत होता. तीही फुकटच होती, पण हा योग त्या वेळी माझ्या लक्षात आला नाही.

घरी रेंज येते ती फक्त फणसाखाली. जुलैच्या पावसात फणसाखाली लॅपटॉप घेऊन बसलो असतो तर वाडीतल्या लोकांनी देवाला गाऱ्हाणं घातलं असतं. म्हणून बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथे झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, गणपतीची रेल्वे तिकिटं आणि सातबारा असं सगळं एकाच टेबलावर मिळतं. आणि तिथे आबा बसले होते.

आबांविषयी सविस्तर सांगायला हवं, कारण खरी कथा त्यांचीच आहे. आबा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. अठ्ठावीस वर्षं त्यांनी बसमध्ये उभ्याने काढली. निवृत्त झाल्यापासून ते एका जागी बसत नाहीत, दुसऱ्याच्या मागे उभे राहतात. त्या दिवशी सातबारा काढायला आले होते. त्यांच्या सातबाऱ्यावर एकेचाळीस नावं आहेत. त्यातली चार नावं अगदी सारखी, कारण आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, आणि आजोबांची नातवंडं पुष्कळ. त्या एकेचाळिसातले किती हयात, किती मुंबईत आणि किती वरती, हे तलाठ्यालाही सांगता यायचं नाही. नुसती बारा गुंठे वरकस जमीन. सॉफ्टवेअरमध्ये ‘दुहेरी नोंदी काढून टाका’ असं एक बटण असतं. ते कोकणात कुणी चुकून दाबलं तर दिवाणी कोर्टं ओस पडतील. पण ते असो.

आबांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. “काय इचारता ता?”

“कामाचा पत्ता मागतंय.”

“म्हणजे तू खंयच्या हापिसात कामाक आसस, ता इचारता.” आबा जरा थांबले. “फुकट देतत आणि चेडू बघूक इल्यासारखी चौकशी करतत!”

मुलगी बघायला आल्यासारखी! चार दिवसांत या प्रकरणावर मला यापेक्षा नेमकं वाक्य सुचलेलं नाही.

मग दुकानातल्या सगळ्यांनीच हे प्रकरण हाती घेतलं. आबा म्हणाले, देवळाचो घाल. देवस्थानच्या कमिटीचा ईमेल वीजबिलासाठी काढलेला होता, तो एकाच्या मोबाइलमध्ये सापडला. तो निघाला जीमेलचा. मार्कलिस्ट झेरॉक्सला घेऊन आलेल्या गुरुजींनी शाळेचा दिला. तोही जीमेल. विकास सोसायटीचा याहूवर. शेवटी आबांचा चेहरा उजळला. “अरे, कंपनीचो होयो मां? मगे दशावतारी कंपनीचो घाल! ती कंपनीच आसा!”

आणि त्यांनी खरोखर फोन लावला. पलीकडे जो होता तो नाटकात संकासुर करतो. त्याला वाटलं, जत्रेची सुपारी आहे. तो तारीख विचारत होता आणि आबा पत्ता. पाच मिनिटांनी कळलं की संकासुराचाही जीमेलच. अख्ख्या तालुक्यात देव, दानव आणि सहकार सगळे एकाच फुकटच्या डब्यात पत्रं घेतात, आणि या सॉफ्टवेअरच्या लेखी त्यातलं कुणीच काही काम करत नाही. आपल्या धंद्याच्या नावाचा पत्ता हवा तर तो विकत घ्यायचा, आणि दरवर्षी पैसे भरून नवा करायचा. म्हणजे फुकटात शिरायचं तिकीट विकत! आधीच तसं सांगा ना. आम्ही बाजारात बसणारी माणसं आहोत, आम्हाला भाव सांगितलेला चालतो.

शेवटी दुकानातला पोरगा लाजत म्हणाला, “काका, माझा कॉलेजचा आहे.” तो चालला. त्यामुळे कागदोपत्री मी सध्या सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

आत शिरल्यावर वही चढवायची होती. भाच्याने मेमध्येच सगळ्या नोंदी शीटमध्ये टंकून दिल्या होत्या. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, माझ्या भरल्या ३४७. पण त्या ३४७ ओळींत मी माणसासारखं लिहिलं होतं. ‘दीड पेटी’. ‘४ डझन, २ डागी’. ‘भावोजींस, पैसे नको म्हटले’. एका खान्यात ‘दीड’ दिसलं आणि त्या सॉफ्टवेअरने पेट्यांचा अख्खा स्तंभच अक्षरांचा ठरवला. त्याला बेरीज करता येईना. ज्या भाषेत सव्वा, दीड, अडीच आणि पावणेदोन यांना एकेक सुटसुटीत शब्द आहे, ती भाषा हिशेबाला कच्ची ठरली, आणि ज्यांना दीड म्हणायला तीन-चार शब्द खर्चावे लागतात ते शहाणे! मी दात-ओठ खात सगळे दीड पुसून १.५ केले.

मग तारखा. मी तारीख लिहितो आधी दिवस, मग महिना. सॉफ्टवेअर वाचतं अमेरिकन रीतीने, आधी महिना, मग दिवस. हे दुखणं माझ्या एकट्याचं नाही. ‘मार्च-१’, ‘सेप्ट-१’ अशी काही जनुकांची नावं होती. शीटमध्ये टंकली की त्यांच्या आपोआप तारखा व्हायच्या. अखेर २०२० साली शास्त्रज्ञांनी हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. जिथे माणसाच्या जनुकांनी माघार घेतली तिथे माझ्या पेट्या कुठे टिकणार? ५ एप्रिलचा माल ४ मेला गेला. १० एप्रिलचा ४ ऑक्टोबरला. १२ मेचा ५ डिसेंबरला. एप्रिलचा सगळा माल दर महिन्याच्या ४ तारखेला आणि मेचा ५ तारखेला, जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत, सरकारी पगारासारखा. आणि १२ तारखेनंतरचा जो माल, म्हणजे खरा हंगाम, तो महिनाच सापडेना म्हणून चूक ठरून गळून गेला. पडद्यावर आलेख उमटला. बारा महिन्यांचे बारा खांब, निळेशार. दिसायला सुंदर.

मागून आबांचा श्वास थांबलेला ऐकू आला.

“डिसेंबरात आंबो इकलस?”

“नाही हो आबानू, तारीख उलटी झालीय.”

“तारीख कशी उलटी होतली? अठ्ठावीस वर्सां एसटीत काडलंय, टायमटेबल उलटां झालेलां माका दाखव. दर काय गावलो?”

“आबानू, तो मेमधला आंबा आहे.”

“मेचो आंबो डिसेंबरापर्यंत ऱ्हवलो? अढीत?” आता त्यांचा आवाज खाली आला, आपुलकीने. “लपव नको. माझां तिकिटांचां वेबिल एका रुपयान कधी चुकूक नाय. आणि ह्यां तर काँप्युटर.”

मी त्यांना सगळं समजावलं. कागद घेऊन, ५ आणि १२ लिहून, बाण काढून. आबांनी तो कागद नीट घडी घालून खिशात ठेवला. तो पुरावा म्हणून, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

विषय बदलावा म्हणून मी नकाशा उघडला. तुमचा धंदा कुठे आहे ते नकाशावर ठिपक्याने दिसतं, असं भाचा म्हणाला होता. ठिपका दिसला. ओडिशात. तिथे देवगढ नावाचा एक जिल्हा आहे, आमच्या देवगडापेक्षा सॉफ्टवेअरला तो बरा वाटला असावा. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. आता या भूगोलाचं मी काय करू? आबांनी ठिपका निरखला. “ओडिशाक गाडी खंयसून जाता?” त्यांनी मनातल्या मनात कोल्हापूर, सोलापूर असे टप्पे पाडले आणि म्हणाले, “भाडां परवडूचां नाय रे. म्हणून डिसेंबरात इकतस.”

शेवटी तो गोल आलेख काढला, खर्चाचा, घावन कापल्यासारखा. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसाने १८०१ साली असा गोल छापला, तेव्हा इकडे पेशवाई अजून शिल्लक होती. फवारणी एक तुकडा, मजुरी एक, पेट्या आणि पेंढा एक, वाहतूक, दलालाची अडत, हमाली, तोलाई. आणि या सगळ्यांहून मोठा तुकडा होता ‘इतर’. ‘इतर’वर बोट टेकवलं की आतलं दिसतं. आत भावोजी होते. साडूंचे शेजारी होते. बँकेतले साहेब होते, बदली होऊन गेलेले, तरी पेटी जातेच. आणि सगळ्यांत वर भाचा, सलग चार वर्षं.

सांगायचं तर हे मला वहीतूनही दिसत होतं. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात वाशीचा दर कोसळतो हेही दिसत होतं, आणि पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशेब, दोन महिन्यांनी येते तेव्हा त्यात कापून काय उरतं हेही. दलाल पट्टीत जे लिहीत नाही, त्याला कुठल्या स्तंभात बसवायचं? वांदरांनी नेलेले नग? अवकाळीने डागलेले, कॅनिंगला मातीमोल गेलेले क्रेट? साका, म्हणजे आत खराब गर, निघाला म्हणून गिऱ्हाईक फोनवर जे बोललं ते? कोरे खाने सॉफ्टवेअर शून्य धरू का म्हणून विचारतं. मी काय सांगू? धर बाबा.

मी भाच्याला फोन लावला. “लोकेल बदल मामा, इंडिया कर, एका मिनिटाचं काम आहे,” तो म्हणाला. हे एक मिनिट त्याने मेमध्ये सांगितलं असतं तर! मी सेटिंग शोधत होतो आणि लाइट गेली. जुलैत गेलेली लाइट म्हणजे चहा पिऊन घरी जायचं. आबांचा सातबारा प्रिंटरमध्ये अर्धा बाहेर येऊन अडकला, अठराव्या नावापर्यंत.

बुधवारी सकाळी साडेसहाला शेजारचा बागायतदार दारात. छत्री मिटली नाही, आत आला नाही. पॅक्लोब्युट्राझॉल किती घातलंस, एवढंच त्याला हवं होतं. हे औषध कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे, जुलै-ऑगस्टात बुंध्याभोवती देतात आणि मोहोर लवकर येतो. पण लवकर म्हणजे काही आठवडे, डिसेंबरात पेटी भरण्याइतकं नव्हे. मी त्याला आत बसवलं, चहा दिला, आणि महिना-दिवस, दिवस-महिना, अमेरिका, सगळं सांगितलं. जनुकांचंही सांगितलं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग अर्धा चहा तसाच ठेवून उठला. “सांगूचां नाय तर सांगू नको. पण माका खुळो करू नको.”

बावीस वर्षांचा शेजार. त्याच्या पंपाने माझी बाग भिजलीय, माझ्या गड्यांनी त्याचा आंबा उतरवलाय. आता रस्त्यात दिसला की तो मोबाइलमध्ये बघतो, आणि त्या वळणावर तर रेंजसुद्धा नाही.

काल संध्याकाळी पाऊस उघडला म्हणून मी बागेत गेलो. शेणाचा काला बादलीत कालवून कलमांच्या आळ्यात तांब्या-तांब्याने घालत होतो. गडग्यापलीकडे काहीतरी हललं. तो कुड्याच्या झुडपाआड उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. माझे तांबे मोजत होता. एका कलमाला मी नऊ घालतो.

मी दहावा घातला.